माकडटोपीतला सोनचाफा

साऱ्या जपान देशात थंडीशी वैयक्तिक वैर धरून बसलेला एकच माणूस असेल, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघावा हा आमचा योग. हे आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मोठे भाऊ. इचिकावाला आमच्या शेजारच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि गेली वीसेक वर्षं इथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ आहेत. गंमत अशी की त्यांचं संशोधन थंडीवरच आहे. जगात जी म्हणून थंडी असू शकते तिच्या पार तळाशी नेल्यावर धातूंचं काय होतं, हे ते बघतात. एकदा मी त्यांची लॅब बघायला गेले होते, तेव्हा त्यांनी मला स्टीलचं एक भलंथोरलं पिंप दाखवलं आणि या पिंपात आहे तेवढी थंडी उत्तर ध्रुवावरही सापडायची नाही, असं घरच्या जावयाचं कौतुक सांगावं तसं सांगितलं. असा दिवसभर वस्तू गार करून पगार घेणारा माणूस संध्याकाळी घरी आला की आधी बाल्कनीत जातो आणि कुंड्यांवरून हात फिरवत विचारतो, "गारठलात का रे?" घरातल्या माणसांना हा प्रश्न त्यांनी कधी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

बाल्कनी कसली, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे सरकावं एवढीच ती जागा. पण तिथे मोगरा आहे, जुई आहे, रातराणी आहे, दोन रंगांच्या जास्वंदी आहेत, अनंत आहे आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे सोनचाफा आहे. यातलं एकही झाड इचिकावात राहायला स्वखुशीने आलेलं नाही. इथली थंडी काही होक्काइदोची नव्हे, बर्फ क्वचितच पडतं, पण जानेवारीत पहाटे बाहेरच्या बादलीवर काचेसारखा पापुद्रा धरतो आणि नदीवरून असा वारा सुटतो की सायकलवरून जाताना कान आपले आहेत की नाहीत हे चाचपून बघावं लागतं. अशा हवेत मोगऱ्याने बाहेर का उभं राहावं, त्याला घरात का घेऊ नये, हा प्रश्न भाऊजींना विचारायचा नसतो. मी नवीन असताना विचारला होता. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि घरात ठेवलेलं झाड हे झाड नसून फर्निचर असतं, त्याला पानं फुटतात इतकंच, असं मला शांतपणे समजावलं. ज्या फुलाने वारा खाल्ला नाही, ऊन सोसलं नाही, त्याला वास कुठून येणार, असा त्यांचा सिद्धांत आहे. याला शास्त्रीय आधार काय, असं माझ्या नवऱ्याने विचारलं तर म्हणाले, "माझा अनुभव." दुसऱ्याच्या प्रबंधातला एक आकडा पुराव्याशिवाय न मानणाऱ्या माणसाचं हे उत्तर.

आता हे सगळं वेड कशासाठी, ते सांगायला हवं, नाहीतर भाऊजी नुसतेच विक्षिप्त वाटतील. ते विक्षिप्त आहेतच, पण नुसते नाहीत. काही वर्षांपूर्वीच्या साथीत त्यांच्या पत्नीला, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंना, ताप आला. मी त्यांना वहिनी म्हणते. ताप उतरला, खोकला गेला, पण जाताना वहिनींना येणारा वासही घेऊन गेला. आज येईल उद्या येईल म्हणता म्हणता तो आलाच नाही. वहिनी स्टेशनजवळच्या पावाच्या दुकानात बाइतो करतात, म्हणजे अर्धवेळ नोकरी. सकाळी भट्टीतून पाव बाहेर आला की सगळं दुकान त्या वासाने भरतं म्हणूनच ती नोकरी त्यांनी धरली होती. आता त्या म्हणतात, पाव आणि विटा यांच्यात मला फक्त वजनाचा फरक कळतो. वहिनींचा स्वभाव मुळात हसरा. दूध नासलंय का हे बघायला मला व्हिडिओ कॉल करायच्या आणि मग स्वतःच हसायच्या, की अगं, तुला तरी फोनवर कुठे येणार वास. पण एकदा मी अचानक गेले तेव्हा त्या ओट्यापाशी हिंगाच्या डबीत नाक घालून नुसत्या उभ्या होत्या. मला बघून डबी बंद केली आणि चहा टाकला. तेव्हा मात्र त्या हसल्या नव्हत्या.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज ओळखीचे, ठसठशीत वास घेत जा, नाकाला आठवण करून देत राहा. येईल कधीतरी, कदाचित येणारही नाही. यातलं शेवटचं वाक्य भाऊजींनी ऐकलंच नाही, किंवा ते जपानीत होतं म्हणून सोडून दिलं असेल. त्यांनी फक्त "ओळखीचे" आणि "ठसठशीत" एवढे दोन शब्द उचलले आणि एखादं उपकरण बनवायला घ्यावं तसे कामाला लागले. वहिनींच्या माहेरी पुण्याला फाटकाशी सोनचाफा होता. तेव्हा सोनचाफा हेच उत्तर, बाकीची फुलं पूरक. दक्षिणेकडच्या बेटावरच्या एका नर्सरीतून त्यांनी कलम मागवलं. मी म्हटलं, अहो, चाफ्याचं चांगलं अत्तर मिळतं, पुढच्या महिन्यात आई येतेय, आणायला सांगते. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "अत्तर म्हणजे फोटो. फोटोला हाक मारून कुणी वळतं का?" तरी मी अत्तर मागवलं, वहिनींनी हुंगलं, काही झालं नाही, आणि भाऊजी दिवसभर माझ्याशी फार गोड वागले.

पहिल्या हिवाळ्यात चाफ्याची सगळी पानं गळली आणि एक काठी उरली. त्या दिवसापासून थंडीशी लढाई सुरू झाली. बाल्कनीत चार-पाच थर्मामीटर लागले. ते एकमेकांशी कधीच सहमत नसतात आणि भाऊजी त्यातल्या सर्वांत निराशावादी थर्मामीटरवर विश्वास ठेवतात. मग काइरो आले. इथे थंडीत लोक खिशात ठेवतात ती कागदी पुडी, हलवली की तासन्‌तास गरम राहते. भाऊजी त्या खोक्याने आणतात आणि कुंड्यांना पोटाशी बांधतात. मोगऱ्याला माझ्या नवऱ्याचा जुना स्वेटर आहे, रातराणीला बुडबुड्यांच्या प्लास्टिकचा झगा आहे. परिषदेसाठी भाऊजी परदेशी गेले की फोनवर पहिली चौकशी चाफ्याची आणि दुसरी वहिनींची असते. वहिनी म्हणतात, दुसरी तरी आहे ना, मोगऱ्याची तिसरी असते. माझी मुलगी इथेच वाढलेली, तिच्याशी मराठीत बोललं तरी उत्तर जपानीत येतं. एकदा ती बाल्कनीत डोकावली आणि "आत्सुसोऽ" म्हणाली, म्हणजे बिचाऱ्यांना उकडतंय वाटतं. भाऊजींनी लगेच मोगऱ्याच्या स्वेटरचं वरचं बटण काढलं.

चाफ्याला मात्र खास पोशाख होता. शेंड्याला वारा लागू नये म्हणून त्याच्यावर भाऊजींनी आपली खाकी माकडटोपी चढवली होती, खाली वहिनींची शाल गुंडाळली होती आणि ती सुटू नये म्हणून वरून स्वतःचा जुना रेनकोट घातला होता. इतकं करून ते निश्चिंत मनाने लॅबला गेले. आठवड्याभराने इमारतीचे व्यवस्थापक दारात आले. मी तेव्हा वहिनींकडेच होते. व्यवस्थापकांनी कमरेत वाकून नमस्कार केला, हवेबद्दल दोन शब्द बोलले आणि अतिशय संकोचाने मुद्द्यावर आले. समोरच्या इमारतीतून विचारणा झाली होती. आपल्या बाल्कनीत एक वयस्कर गृहस्थ रात्रंदिवस तोंड फिरवून उभे असतात. घरगुती बाबीत पडायचा कुणाचाच हेतू नाही. पण थंडी फार आहे, तेव्हा काही मतभेद असल्यास ते मिटवून त्यांना आत घेता आलं तर सर्वांना बरं वाटेल. वहिनींना हसू आवरेना. त्या पदर तोंडाला लावून आत पळाल्या, त्यामुळे व्यवस्थापकांना प्रकरण फारच गंभीर वाटलं असावं. शेवटी मी त्यांना बाल्कनीत नेऊन टोपी उचलून दाखवली. ते बराच वेळ त्या काठीकडे बघत राहिले. त्यानंतर येताजाता खालून वर बघायचे आणि चाफ्याला किंचित मान लववायचे.

अनंताची गोष्ट भाऊजींसमोर काढलेली त्यांना आवडत नाही, म्हणून ती इथे सांगते. अनंत म्हणजे उष्ण कटिबंधातलं अत्यंत नाजूक झाड, असं त्यांनी परस्पर ठरवलं होतं. तीन हिवाळे त्याला काइरो बांधले, त्याच्याभोवती थर्माकोलची भिंत उभारली, सर्दीच्या दिवसांत त्याच्याजवळ जाताना स्वतः मास्क लावला. मग एका जूनमध्ये आम्ही सगळे कसलासा दाखला आणायला नगरपालिकेच्या कचेरीत चाललो होतो. रस्त्याच्या कडेला गुडघाभर उंचीचं कुंपण होतं, ट्रकचा धूर खात, सायकली टेकवून टेकवून वाकडं झालेलं, आणि त्याच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत अनंत फुलला होता. पांढराशुभ्र. माझ्या नवऱ्याला आधी वास आला आणि तो जागीच थांबला. भाऊजीही थांबले. त्यांनी एक पान चुरगळून बघितलं, फूल उलटं करून बघितलं, मग कुंपणाची पाटी वाचली. अनंत इथला पूर्वापारचा रहिवासी आहे, नगरपालिका त्याला वर्षातून एकदा कात्री लावते आणि बाकी कुणी त्याच्याकडे बघतही नाही, हे आम्हा सर्वांना एकदमच कळलं. शेवटी भाऊजी म्हणाले, "ही रस्त्यावर वाढलेली. आपला लाडात वाढलाय." आणि पुढच्या हिवाळ्यात त्यांनी थर्माकोलची भिंत दुहेरी केली.

पण चाफ्यापुढे त्यांचं काही चालत नव्हतं. उन्हाळाभर तो तरारून यायचा, हिरवीगार लांब पानं, जणू काही झालंच नाही. ऑक्टोबरमध्ये पानांच्या बेचक्यांतून कळ्या डोकवायच्या. आणि कळ्या पिवळ्या होणार, तेवढ्यात नोव्हेंबरचा वारा सुटायचा आणि एकेक करून सगळ्या खाली. भाऊजी त्या वाटीत गोळा करायचे. नखाने सोलून आतली पाकळी वहिनींच्या नाकाशी धरायचे. वहिनी मान हलवायच्या. भाऊजी म्हणायचे, कच्ची आहे, कच्चीला नसतोच, पुढच्या वर्षी. दर वर्षी हे असंच. एका वर्षी मला राहवलं नाही, मी स्वयंपाकघरात वहिनींना म्हटलं, तुम्ही एकदा खोटंच हो म्हणा ना. त्या म्हणाल्या, "आणि मग रोज खोटं बोलू? तू त्यांना ओळखत नाहीस. ते आलेख काढतील."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात दारात नोटीस येऊन पडली. इमारतीची मोठी दुरुस्ती निघाली होती. इथे दहा-पंधरा वर्षांनी ती निघतेच. सगळ्या इमारतीला परांची बांधतात, वरून जाळी घालतात, भिंती रंगवतात, बाल्कन्यांच्या फरशा नव्या करतात, आणि हे चालू असेपर्यंत बाल्कनीत काडीसुद्धा ठेवायची नसते. सप्टेंबरअखेर सगळं काढायचं होतं, काम वसंतापर्यंत चालणार होतं. म्हणजे बरोबर कळ्यांच्या आणि थंडीच्या दिवसांत. भाऊजींनी ती नोटीस भिंतीवर लावली आणि जेवताना तिच्याकडे पाठ करून बसू लागले. पुढे रहिवासी मंडळाची सभा झाली. तिथे त्यांनी वैद्यकीय कारणासाठी एका कुंडीपुरती सवलत मागितली आणि पुष्ट्यर्थ पडद्यावर आलेख दाखवले. अध्यक्षांनी ते सगळं आदराने ऐकून घेतलं, मान वाकडी केली आणि दातांतून हळूच हवा आत ओढली. जपानमध्ये आठवडा काढलेल्या माणसालाही कळतं की याचा अर्थ नाही असा होतो. भाऊजी मात्र घरी येऊन म्हणाले की अध्यक्ष विचार करताहेत. परांचीचे बांबूसारखे पाइप खाली येऊन पडेपर्यंत ते तसंच म्हणत होते.

मग वाटप झालं. इचिकावातल्या मराठी घरांमध्ये जुई एकाकडे, रातराणी दुसऱ्याकडे, मोगरा आणि अनंत तिसऱ्याकडे, दोन्ही जास्वंदी आमच्याकडे. लोकांनी त्या कुंड्या सरळ दिवाणखान्यात ठेवल्या. भाऊजींनी ते कसं सोसलं ते त्यांनाच ठाऊक, पण रविवारी ते घरोघर जाऊन आपल्या झाडांना भेटायचे आणि खिडकी जरा उघडी ठेवा म्हणायचे. चाफ्याला मात्र त्यांनी घरात जाऊ द्यायचं नाकारलं. सप्टेंबरचा शेवटचा शनिवार-रविवार त्यांनी चाफा ढकलगाडीवर घालून गावभर हिंडवला. दंतवैद्याच्या दारात, देवळाच्या आवारात, सायकलतळावर, जिथे म्हणून आकाश दिसतं तिथे जाऊन त्यांनी विचारलं. सगळीकडे लोकांनी दातांतून हवा आत ओढली. शेवटी रेल्वेमार्गाच्या पलीकडे एक जुनं सेंतो आहे, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघर, तिथल्या गल्ल्यावर बसणाऱ्या आजींनी हो म्हटलं. आजींना झाडांतलं काही कळत नव्हतं, तसं त्यांनी आधीच सांगून टाकलं. मागच्या बोळात सरपणाशेजारी जागा आहे, ठेवायचं तर ठेवा, पाणी घालायला मी विसरेन.

भाऊजींनी चाफा तिथे ठेवला आणि घरी आले ते तोंड उतरवून. बोळ उत्तरेकडचा होता. ऊन येत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, एक वर्ष कळ्या नाही आल्या तर नाही, झाड जगलं म्हणजे पुष्कळ झालं. त्या दिवशी भाऊजींनी थर्मामीटरही बघितले नाहीत, कारण ते काढून खोक्यात भरलेले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी घालायला म्हणून गेले आणि तासभर परत आले नाहीत, तेव्हा वहिनींनी मला त्यांना बघायला पाठवलं. भाऊजी बोळात भिंतीला दोन्ही तळवे लावून उभे होते. मला म्हणाले, "हात लाव." मी लावला. भिंत गरम होती. तिच्यापलीकडे सेंतोची भट्टी होती. रोज दुपारपासून रात्रीपर्यंत ती पेटलेली असायची आणि तिची ऊब विटांतून झिरपून बोळात साठायची. "उष्णतेचा अभ्यास केलाय मी," भाऊजी म्हणाले. "पीएचडी आहे त्यात. आणि मी काइरो बांधत बसलो होतो." मला वाटलं आता फार वाईट वाटून घेणार, पण ते इतके खूश दिसत होते की भिंतीवरचा हातच काढेनात.

आजी जागेबद्दल काही घ्यायला तयार नव्हत्या. तेव्हा निदान गिऱ्हाईक म्हणून तरी जायला हवं, असं भाऊजींनी ठरवलं. आता आमचे भाऊजी म्हणजे घरात चार माणसं असली तर बनियनवर बाहेर न येणारे. आणि सेंतोमध्ये तर अंगावर सूत चालत नाही. पहिल्या दिवशी ते पंचा नेसून आत गेले आणि तसेच कढत पाण्याच्या टाकीत उतरले. टाकीतल्या म्हाताऱ्यांनी आधी त्यांना आणि मग पाण्यावर फुगून आलेल्या पंच्याला सरकून जागा करून दिली. जरा वेळाने त्यांच्यातल्या एकाने जवळ येऊन, कपडा पाण्यात घ्यायचा नसतो, डोक्यावर ठेवतात, असं सांगितलं. भाऊजींनी सांगितलं तसं केलं. पण त्यावर त्यांनी स्वतःचा तोडगाही काढला. टाकीत असेपर्यंत ते डोळे मिटून बसतात. मी कुणाला बघत नाही म्हणजे प्रश्नच मिटला, असं त्यांचं म्हणणं. आजही त्या सेंतोमध्ये नियमित येणारे ध्यानस्थ भारतीय म्हणून त्यांना फार मान आहे.

ऑक्टोबरात कळ्या आल्या. नोव्हेंबरचा वारा सुटला, भाऊजींच्या इमारतीवरची जाळी रात्रंदिवस फडफडत राहिली, रंगाच्या उग्र दर्पाने सगळ्यांची डोकी उठली आणि एकट्या वहिनी मजेत होत्या. बोळात मात्र एकही कळी गळली नाही. भाऊजींचं बोलणं कमी झालं. ते दिवसातून दोनदा जाऊन यायचे आणि कुणी विचारलं तर "आहेत" एवढंच म्हणायचे. डिसेंबर लागला त्या आठवड्यात एका संध्याकाळी आजींचा फोन आला. त्या जरा गोंधळल्या होत्या. बायकांच्या बाजूची खिडकी बोळात उघडते. आज येणारी प्रत्येक बाई विचारत होती की सेंतोने साबण बदलला का.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी दुकानातून सुटल्या तशाच, पांढरा एप्रन घालून निघाल्या. मला भाऊजींनी साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. प्रयोगाला तिसरा माणूस लागतो म्हणाले. मला तर बोळाच्या तोंडाशीच वास आला. किती वर्षांनी. डोळे भरून आले माझे, पण मी तोंडातून शब्द काढला नाही. चाफा पिवळाधम्मक उमलला होता, एक नव्हे, पाच-सहा फुलं. भाऊजींनी वहिनींना आधी श्वास पूर्ण सोडायला सांगितला. त्यांनी सोडला. मग फांदी खाली ओढून त्यांनी फूल नाकाशी घेतलं, डोळे मिटले आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. खरंच जोडले.

"नाही हो," वहिनी म्हणाल्या.

भाऊजी म्हणाले पुन्हा घे. त्यांनी पुन्हा घेतला. दुसऱ्या फुलाचा घेतला, तिसऱ्याचा घेतला. मग फांदी हळूच सोडली. भाऊजी त्या फांदीकडे बघत उभे होते आणि मला त्यांच्याकडे बघवेना. या माणसाने एवढी वर्षं टोप्या घातल्या, शाली गुंडाळल्या, गावभर गाडी ढकलली, ते सगळं या एका श्वासासाठी होतं आणि तो रिकामा गेला होता. आता पुढच्या वर्षी असंही म्हणता येत नव्हतं, कारण फूल कच्चं नव्हतं.

"तुम्ही सांगा," वहिनी म्हणाल्या. "कसा आलाय वास?"

"चांगला आलाय."

"असं नको. नीट सांगा ना."

भाऊजींना अंश विचारा, दाब विचारा, दशांशाच्या कितव्या घरापर्यंत हवं ते सांगतील. हे त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी फुलाशी वाकून वास घेतला, सरळ झाले, पुन्हा वाकले.

"बी.एस्सी.ला प्रॅक्टिकलला तू माझ्या पुढच्या टेबलावर असायचीस," ते म्हणाले. "मी खाली बघून रीडिंग घेत असायचो. तू केसांत चाफा माळून दारातून आत आलीस की मान वर न करता मला कळायचं. तो आहे. तसाच आहे. जरासुद्धा कमी नाही."

या दोघांचं लग्न पत्रिका बघून झालं, असं मी आजवर समजत होते. वहिनींनी भाऊजींची बाही धरली. "मग ओळखते मी याला," त्या म्हणाल्या. आणि मी साक्षीदाराचं काम तिथेच संपलं असं समजून बोळाच्या बाहेर आले.

वसंतात परांची उतरली, इमारत नवी कोरी झाली आणि सगळ्या कुंड्या घरोघरहून परत आल्या. चाफा परत आला नाही. आजींनी अगदी अवघडत विचारलं होतं की राहू दिला तर चालेल का, बायका चौकशी करतात. भाऊजी मोठ्या मनाने हो म्हणाले, पण त्यांना आधीच तसं हवं होतं असं मला वाटतं. वहिनींना वास अजून येत नाही. डॉक्टर अजून तेच सांगतात. आता संध्याकाळी दोघं मिळून सेंतोला जातात, भाऊजी तिकडच्या दाराने डोळे मिटायला आणि वहिनी इकडच्या दाराने. परवा मी स्टेशनवरून येत होते तेव्हा ती दोघं पुढे चालली होती, ओल्या केसांनी, हातात न्हाणीच्या बादल्या. भाऊजींची बडबड चालली होती. कुणाकडे तरी मासा भाजतायत, बांगडा असावा, एका बाजूने करपलाय. आता इस्त्रीवाल्याची वाफ आली, त्यात थोडा साबण आहे. पुढच्या घरात तातामीच्या चटया नव्या घातल्यात, गवताचा येतोय, पण आपल्याकडच्या गवताचा नाही, जरा गोडसर. वहिनी म्हणाल्या, "सावकाश. एकेक सांगा." भाऊजी थांबले, मान वर करून त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि पहिल्यापासून सांगायला लागले. मला खरं म्हणजे घरी जायची घाई होती, पण मी चाल कमी केली आणि त्यांना पुढे जाऊ दिलं.